दोन इंचांची चूक : घराचा जिना कसा मोजावा?

आपली माणसे घर बांधतात ती एकदम नाही. आधी पत्र्याची खोली, मग विटांच्या भिंती, मग फरशी, आणि मुले मोठी झाली की वरचा माळा. फंडातून कर्ज काढायचे, पतपेढीचे हप्ते भरायचे, घरच्या बाईने भिशीचे पैसे घालायचे, तेव्हा कुठे घरावर घर चढते. या साऱ्यात शेवटी राहतो तो जिना. तोवर पैसाही संपलेला असतो आणि जागाही. मग "बसवा कुठेतरी कोपऱ्यात" असे सांगून आपण मोकळे होतो. पण घरातले लहानथोर दिवसातून दहा वेळा त्याच जिन्यावरून खालीवर करतात, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात येत नाही.

आमच्या वस्तीतल्या एका घरात जे घडले ते सांगतो. त्यातून जिन्याचा हिशेबही आपोआप समजेल.

आजी पडल्या कशा?

घर दहा बाय पंधराचे. वर तेवढाच माळा. मुलीचे दहावीचे वर्ष, तिला निवांत अभ्यास करता यावा म्हणून बापाने माळा चढवला. नातीच्या सोबतीला आजी वर झोपू लागल्या. नळाला पाणी येते पहाटे साडेचारला. सून कामावरून उशिरा आलेली, तिची झोपमोड नको म्हणून आजीच उठून खाली येत. एके पहाटे त्या जिन्यावरून गेल्या त्या थेट खालच्या फरशीवर. खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन, बिनपगारी रजा, पुन्हा कर्ज.

दवाखान्याचे कागद आणि रजेचा अर्ज लिहून द्यायला मला बोलावले होते. मी बी.कॉम. झालेला कारकून माणूस. अर्ज लिहिणे, कागद पुढे सरकवणे हेच माझे काम. घरात जो तो आजींनाच दोष देत होता. कोणी म्हणे वय झाले, कोणी म्हणे डोळ्यांवर झोप होती. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "काका, आजी वरून दुसऱ्याच पायरीला पडली. मीसुद्धा रोज तिथेच अडखळते."

म्हातारी आणि तरणी दोघी एकाच ठिकाणी अडखळत असतील तर दोष वयाचा नाही, पायरीचा असला पाहिजे. आम्ही टेप मागवली आणि एकेक पायरी मोजली. खालून पहिले ११ चढ नऊ-नऊ इंचांचे भरले. सर्वांत वरचा, बारावा चढ सात इंचांचा.

हे कसे झाले तेही कळले. ज्याने लोखंडी जिना केला, त्याने खालून नऊ-नऊ इंचांवर खुणा केल्या. ११ वेळा नऊ म्हणजे ९९ इंच. वर पाच इंच उरले, ते तसेच सोडले. नंतर माळ्यावर मसाला घालून लादी बसवली, ती दोन इंच जाड. पाचाचे सात झाले, नऊ मात्र कधीच झाले नाहीत.

आपला पाय प्रत्येक पायरी बघून टाकत नाही. पहिल्या पायरीवरून तो पुढच्यांचा अंदाज धरतो. वरून उतरताना आजींच्या पायाने पहिला उतार सात इंचांचा धरला. दुसऱ्या वेळीही सात इंचांवर पायरी लागेल या भरवशावर अंगाचा भार पुढे टाकला. पायरी होती नऊ इंचांवर. मधल्या दोन इंचांत पायाखाली काहीच नव्हते. जिना मोडका नव्हता की गंजलेला नव्हता. त्याचा भागाकार चुकला होता.

उंची मोजावी कुठून कुठवर?

नवा जिना करायचे ठरले, तेव्हा मुलगी वही घेऊन बसली. जिन्याच्या हिशेबात दोनच मापे मुख्य. एक उभी उंची, दुसरी आडवी जागा. या दोन बाजू काटकोनात उभ्या केल्या की तिरपी बाजू म्हणजे आपला जिना. शाळेतला काटकोन त्रिकोण तो हाच.

उंची मोजायची ती खालच्या तयार फरशीपासून वरच्या तयार फरशीपर्यंत. लादी बसायची असेल तर लादी आणि मसाला यांची जाडी आधीच धरायची. छताच्या खालच्या बाजूपर्यंत मोजून थांबू नये. माळ्याची जाडीही चढायचीच असते.

दुसरी गोष्ट, आपल्या घरांची फरशी सपाट नसते. मोरीकडे पाणी जावे म्हणून तिला उतार दिलेला असतो. म्हणून जिन्याची पहिली पायरी जिथे टेकणार, तिथलीच उंची धरायची. माळ्याच्या कडेवरून ओळंबा सोडला की खाली उभे माप मिळते. ती जागा आणि जिन्याचा पायथा यांच्या उंचीतला फरक काढायला पाण्याची पारदर्शक नळी वापरावी. नळीत बुडबुडा राहू देऊ नये. दोन्ही टोकांचे पाणी एकाच पातळीत उभे राहते. त्या पातळीपासून दोन्हीकडे फरशीपर्यंत मोजले की उतार किती ते कळते.

या घरात एकूण उंची भरली १०६ इंच, म्हणजे ८ फूट १० इंच.

सर्व चढ सारखे

पायरीच्या उभ्या चढाला कारागीर रायझर म्हणतात आणि पाऊल ठेवायच्या आडव्या जागेला ट्रेड. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या घरासाठी चढ जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि ट्रेड कमीत कमी २५० मिलिमीटर सांगितला आहे. म्हणजे चढ साधारण साडेसात इंचांच्या आत आणि ट्रेड दहा इंच.

आता १०६ ला सातने भागा. १५ पूर्ण येतात आणि एक इंच उरतो. इथेच बहुतेक जिने बिघडतात. कारागीर सात-सात इंचांच्या १५ खुणा करतो आणि उरलेला एक इंच पहिल्या नाहीतर शेवटच्या पायरीत कोंबतो. तसे करू नये. आधी चढ किती ते ठरवावे, मग उंचीला त्या आकड्याने भागावे. १०६ भागिले १५ म्हणजे सात इंच आणि वर जेमतेम अर्धा सूत. मिलिमीटरमध्ये एकूण उंची २६९२, एक चढ साडेएकोणऐंशी अधिक शंभर, म्हणजे १७९.५. उरलेला इंच सर्व पायऱ्यांनी वाटून घेतला की कुणाच्याच पायाला तो जाणवत नाही.

पण अर्धा सूत टेपवर धरायचा कसा? पंधरा वेळा मोजताना प्रत्येक वेळी थोडी थोडी चूक झाली, तर वर पोचेपर्यंत पुन्हा इंचभर फरक पडतो. यावर मुलीने जो उपाय काढला तो वेल्डिंगवाल्यालाही पटला.

तिरप्या टेपची युक्ती

तिने भिंतीवर खाली एक आडवी रेघ मारली आणि बरोबर १०६ इंचांवर दुसरी. मग टेपचे शून्य खालच्या रेघेवर धरले आणि टेप तिरपी करत नेली, वरच्या रेघेवर १२० चा आकडा येईपर्यंत. वरचे टोक बाजूला साधारण पावणेपाच फूट सरकले. १२० म्हणजे १५ वेळा आठ. आता टेपच्या कडेने आठ, सोळा, चोवीस, बत्तीस अशा सरळ आकड्यांवर खुणा केल्या. प्रत्येक खुणेतून आडवी रेघ मारली. झाले! १०६ इंचांचे १५ अगदी सारखे भाग पडले. ना अपूर्णांक, ना अर्धा सूत.

हे का जमते? समांतर रेघा तिरप्या रेघेवर सारखे भाग पाडत असतील, तर त्या उभ्या रेघेवरही सारखेच भाग पाडतात. दहावीच्या भूमितीत प्रमाणाचे मूलभूत प्रमेय येते, त्यातलेच हे. मुलीने ते मार्कांसाठी पाठ केले होते. वेल्डिंगवाला म्हणाला, "साहेब, लाकडाच्या फळीवर आमचे जुने सुतार असेच करायचे. का करायचे ते आज कळले." एकाकडे हाताचे ज्ञान होते, दुसरीकडे पुस्तकाचे. दोन्ही एकत्र आली म्हणून काम बिनचूक झाले.

भिंतीवरच्या खुणा त्यांनी एका सरळ लाकडी पट्टीवर उतरवून घेतल्या. पुढे प्रत्येक पायरी त्या पट्टीशीच ताडून पाहिली.

आडवी जागा किती लागेल?

चढ १५ असले तरी ट्रेड १४ च लागतात, कारण शेवटचा चढ थेट माळ्याच्या फरशीवर नेतो. हा एकाचा फरक विसरला की जागेचा हिशेब दहा इंचांनी चुकतो. १४ गुणिले १० म्हणजे १४० इंच, ११ फूट ८ इंच. खोलीची लांबी १५ फूट. लांब भिंतीला लागून जिना बसवला तरी पायथ्याशी ३ फूट ४ इंच मोकळे राहिले. रुंदी अडीच फूट ठेवली.

चढ आणि ट्रेड यांचा मेळ बसतो का, हे पाहायचा एक जुना नियम आहे. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये फ्रांस्वा ब्लाँदेल नावाच्या वास्तुशास्त्रज्ञाने तो मांडला. दोन चढ आणि एक ट्रेड यांची बेरीज माणसाच्या एका चालत्या पावलाइतकी असावी. आजच्या मापात ही बेरीज ६० ते ६५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण २४ ते २५ इंच धरतात. आपल्या जिन्यात सात आणि सात चौदा, अधिक दहा, एकूण २४ आणि वर थोडेसे. मेळ बसला.

पण नुसत्या या नियमावर विसंबू नये. जुन्या जिन्याचा चढ नऊ इंच आणि ट्रेड सात इंच होता. नऊ दुणे अठरा अधिक सात, बेरीज २५. कागदावर तोही पास होतो! पण सात इंचांच्या ट्रेडवर मोठ्या माणसाचे पाऊल मावत नाही, टाच तरी बाहेर राहते नाहीतर चवडा. त्याची चढण ५० अंशांच्या वर होती, नव्या जिन्याची सुमारे ३५ अंश. जुन्या जिन्याने खालची जागा फक्त ६ फूट ५ इंच घेतली होती, म्हणजे ५ फूट ३ इंच वाचवले होते. आजींच्या खुब्याची किंमत एवढीच होती का?

शिवाय ती जागा वाया जात नाही. नव्या जिन्याखाली आता कपाट, पाण्याचे पिंप आणि धान्याचे डबे उभे आहेत.

लोखंड किती आणावे?

दुकानात जाण्याआधी हेही घरी काढता येते. एका पायरीचा छोटा काटकोन त्रिकोण घ्या. उभी बाजू सात, आडवी बाजू दहा. साताचा वर्ग ४९, दहाचा वर्ग १००, बेरीज १४९. त्याचे वर्गमूळ बारा आणि वर थोडे, म्हणजे सव्वाबारा इंच धरा. अशा १५ पायऱ्या म्हणजे सुमारे १८४ इंच, १५ फूट ४ इंच. कापाकापी धरून एका बाजूला १६ फूट, दोन्ही बाजूंना मिळून ३२ फूट चॅनेल. "चाळीस फूट लागेल, आणून ठेवा" असे कोणी सांगितले तर आपण हिशेब विचारू शकतो. पायथागोरस एवढ्यासाठीच शिकायचा असतो.

पायरी भिंतीशी काटकोनात आहे की नाही, हेही त्याच नियमाने तपासावे. कोपऱ्यापासून एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट खूण करा. दोन खुणांमधले अंतर बरोबर पाच फूट भरले तर कोपरा काटकोनात आहे. गुण्या लहान पडतो, तिथे दोरी आणि टेप हे काम करतात.

डोके आपटू नये म्हणून

जिना खालून जेवढा लागतो, तेवढाच वरूनही लागतो. माळ्यात जिन्यासाठी ठेवलेली मोकळी जागा आखूड पडली, तर चढताना कपाळ आपटते आणि बाई डोक्यावर पाटी घेऊन वर जाऊच शकत नाही. पायरीपासून वर निदान सात फूट मोकळे हवेत.

या घरात माळ्याची जाडी सहा इंच. १०६ मधून सहा वजा केले की खालून छतापर्यंत १०० इंच. त्यातले ८४ इंच, म्हणजे सात फूट, डोक्यासाठी सोडले तर १६ इंच उरतात. पहिल्या दोन पायऱ्या मिळून १४ इंच उंच होतात, त्या छताखाली चालतील. तिसरीपासून पुढे वर उघडे पाहिजे. तिसरी ते चौदावी म्हणजे बारा ट्रेड, १२० इंच, पूर्ण दहा फूट. एवढी जागा माळ्यातून जाणार हे आधीच माहीत असावे.

इथला माळा लोखंडी अँगल आणि लाद्यांचा होता, म्हणून मोकळी जागा वाढवता आली. तीही जाणकार इंजिनिअरला दाखवूनच. स्लॅब असेल तर त्याला हात लावण्याआधी इंजिनिअरचा सल्ला घेतलाच पाहिजे. आपला हिशेब मापाचा आहे, मजबुतीचा नाही. भिंत किती भार घेईल, पाया कसा आहे, हे भूमिती सांगत नाही. वरच्या बांधकामाला परवानगी लागते, तीही आधी पाहावी.

जागाच कमी असेल तर?

सर्वांकडे पंधरा फूट लांबी नसते. दहा बाय दहाच्या खोलीत १४० इंचांचा सरळ जिना मावणार नाही. तिथे जिना कोपऱ्यात वळवावा. सात चढांनंतर अडीच फूट चौरस टप्पा द्यावा, मग वळून उरलेले आठ चढ. पहिल्या भिंतीला सहा ट्रेडचे ६० इंच अधिक टप्प्याचे ३०, एकूण साडेसात फूट. दुसऱ्या भिंतीला सात ट्रेडचे ७० अधिक तोच टप्पा ३०, म्हणजे ८ फूट ४ इंच. दोन्ही दहा फुटांत बसतात. वळणावर पंख्यासारख्या तिकोनी पायऱ्या करू नयेत. त्यांच्या आतल्या बाजूला पाऊल मावत नाही आणि माणूस नेमका तिथेच पडतो.

काही घरांत हेही जमत नाही. शिडीवाचून इलाजच नसतो. तिथे निदान एवढे करावे : सर्व दांडे सारख्या अंतरावर, दोन्ही बाजूंना धरायला दांडी आणि उतरताना तोंड शिडीकडे. म्हाताऱ्या माणसाचे व गरोदर बाईचे अंथरूण खालीच असावे.

कोणताही जिना असो, कठडा साधारण तीन फूट उंच हवा. उभ्या सळ्यांतले अंतर चार इंचांपेक्षा कमी असावे, म्हणजे तान्ह्या मुलाचे डोके अडकत नाही. पाय घसरू नये म्हणून पायरीवर खरखरीत नक्षीचा जाड पत्रा घालावा. पत्र्याच्या कडा घासून घ्याव्यात, नाहीतर साडीचा काठ अडकतो. दिव्याचे बटण खाली आणि वर दोन्हीकडे असावे.

सार्वजनिक जागेचा जिना

समाजमंदिर किंवा विहार बांधताना तर जास्त काळजी घ्यावी. वर्षावासात ग्रंथवाचन ऐकायला येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक म्हाताऱ्या बाया असतात. इमारत संहितेत सार्वजनिक इमारतींसाठी चढ १५० मिलिमीटर आणि ट्रेड ३०० मिलिमीटर सांगितला आहे. सहा इंच आणि बारा इंच. सहा दुणे बारा अधिक बारा, बेरीज २४. वर्गणीतून दरवाजाची कमान उभी करण्याआधी पायऱ्यांचा हा हिशेब बैठकीत मांडावा.

कागदावर पाच आकडे

जिन्याचे काम देण्याआधी एका कागदावर पाच आकडे लिहा : एकूण उंची, चढ किती, एका चढाचे माप, एका ट्रेडचे माप आणि माळ्यातली मोकळी जागा. तो कागद कारागिरासमोर ठेवा. चांगला कारागीर रागावत नाही, उलट त्याचे काम सोपे होते. काम झाल्यावर पैसे चुकते करण्याआधी प्रत्येक पायरी मोजा, विशेषतः पहिली आणि शेवटची. दोन पायऱ्यांत बोटाच्या जाडीचा फरक दिसला तरी तो तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. मोजायला लाजू नका. घाम आपला, घर आपले, पडणारा माणूसही आपलाच.

आणि हा कागद घरात कोणी लिहायचा? आठवी-नववी-दहावीत शिकणारी मुलगी किंवा मुलगा लिहील. त्यांच्या हातात टेप द्या. शाळेत शिकलेले घराच्या उपयोगी पडते, हे त्यांना एकदा दिसले की पुस्तकाची भीती निम्मी होते.

त्या घरातल्या आजी चार महिन्यांनी काठी घेऊन चालू लागल्या. त्या आता खालीच झोपतात. परवा गेलो तेव्हा कठड्याला धरून सावकाश वर गेल्या, नातीची खोली बघून आल्या. उतरून शेवटच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आता पायरी शोधावी लागत नाही बाबा, पाय टाकला की असते."